घर ऐसपैस की वस्ती सोयीची?

गिरगाव, दादरच्या चाळीतल्या दोन खोल्या सोडून अनेक मराठी कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. घर ऐसपैस मिळाले, पण लोकलचा प्रवास वाढला. जाऊन-येऊन रोज तीन तास धरले, तरी कामाच्या २५ दिवसांत ७५ तास होतात. मुलांच्या अभ्यासातून, आजारी सासूबाईंच्या सेवेतूनच ते वजा होतात.

म्हणून घर घेताना २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे कार्पेट एरिया तर विचाराच. पण सकाळच्या गर्दीत स्टेशनपर्यंत एकदा जाऊन पाहा. पाणी किती वेळ येते, रात्री-अपरात्री डॉक्टर मिळतो का, हे तिथल्या गृहिणींना विचारा. लहान घरात पोटमाळा, फोल्डिंगचा पलंग करून जागा काढता येते. अंतर मात्र कमी करता येत नाही.