औंधची पोरं आणि पंचावन्न किलोचा काटा

किशोर गटाच्या कबड्डीत पहिली चढाई मैदानावर होतच नाही, ती होते वजनकाट्यावर. शाळेच्या एखाद्या वर्गात बाकं भिंतीला सरकवून काटा मांडलेला असतो. आदल्या रात्री भाकरी टाळलेली पोरं बनियन काढून रांगेत उभी असतात. एखादा दोनशे ग्रॅमवर अडकतो. मग मार्गदर्शक त्याला मैदानाला फेऱ्या मारायला पिटाळतात आणि तो घामाघूम होऊन परत येईपर्यंत साऱ्या संघाचा जीव टांगणीला. वय सोळाच्या आत आणि वजन पंचावन्न किलोच्या आत, ही अट किशोरांना वर्षानुवर्षं होती. वरच्या कुमार गटाला विसाव्या वर्षाची आणि सत्तर किलोची. वजनाचे आकडे अलीकडे थोडे सरकले, पण काटा मात्र हललेला नाही.

हा काटा मला फार बोलका वाटतो. पोराच्या अंगाचं मोजमाप घेऊन मगच त्याला खेळात सोडायचं, ही कल्पना आपल्याकडच्या रानखेळात मुळात नव्हती. ती कुठून आली याचा माग काढताना माझी वाट सारखी एका छोट्या संस्थानावरून जात राहिली. ते संस्थान म्हणजे औंध.

औंध म्हटलं की आपल्याला यमाईचा डोंगर आठवतो, भवानी संग्रहालय आठवतं आणि सूर्यनमस्कार आठवतात. बाळासाहेब म्हणजेच भवानराव पंतप्रतिनिधी 1909 साली गादीवर आले आणि संस्थान विलीन होईपर्यंत तिथे राहिले. राजे चित्रकार होते, कीर्तनकार होते, 1935 च्या इंदूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. पण त्यांचं खरं वेड व्यायामाचं. स्वतः रोज नमस्कार घालायचे आणि प्रजेकडूनही घालून घ्यायचे. संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे होते. त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंच्या साहाय्याने 1938 साली लंडनमध्ये त्याचा इंग्रजी अवतारही निघाला.

साने गुरुजी शिकायला औंधला आले होते, गदिमाही इथल्याच शाळेत होते. गरिबाच्या मुलाला परवडणारं शिक्षण मिळण्याची ही एक जागा होती. राजांची व्यायामाची निवडही त्याच हिशोबात बसते. नमस्काराला ना बॅट लागते ना चेंडू, ना जोडीदार ना मोठं मैदान. सहा फूट जागा आणि पहाट असली की झालं. दुष्काळी मुलखातल्या राजाला सुचावा असाच हा व्यायाम.

मात्र नमस्कारात प्रतिस्पर्धी नसतो. कुणाला हरवायचं नसतं आणि कुणाच्या हातून निसटायचं नसतं. चौदा वर्षांच्या पोराला हे किती दिवस पुरणार? शाळा सुटली की तो ओढ्याच्या वाळूत जाणार आणि मधोमध रेघ ओढून हुतूतू, म्हणजे आजची कबड्डी, मांडणार. राजांनी शरीर घडवलं, पण खेळ पोरांनी स्वतःच शोधला, असं माझं मत आहे. ते राजांच्या भक्तांना कदाचित रुचणार नाही.

हुतूतू तेव्हा गावागणिक निराळा होता. कुठे बाद झालेला गडी आपल्या बाजूने समोरचा गडी मारला की उठून परत यायचा, ती संजीवनी. कुठे बाद झालेला साऱ्या संघाचा फडशा पडेपर्यंत बाहेरच बसायचा, ती गेमिनी. कुठे गडी बाद झाला तरी आतच राहायचा आणि फक्त गुण मोजले जायचे, तो अमर प्रकार. दमाचे बोलही वेगवेगळे. एका गावचा संघ दुसऱ्या गावी खेळायला गेला की पहिला तास नियमांवरून भांडण्यात जायचा आणि पुष्कळदा खेळ तिथेच संपायचा.

ही भांडणं मिटवायची पहिली ठोस खटपट औंधच्या शेजारी साताऱ्यात झाली. 1921 च्या सुमारास तिथे संजीवनी आणि गेमिनी यांचा मेळ घालून नियमांचा आराखडा तयार झाला आणि त्यावर सामने खेळवले गेले. दोन वर्षांनी एका समितीने तो दुरुस्त केला. 1923 साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरवली ती या नियमांवर. पुढची पावलं भराभर पडली. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने हा खेळ जगाला दाखवला. 1950 साली राष्ट्रीय महासंघ झाला, 1952 साली मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि 1955 साली कलकत्त्याला महिलांची. शाळकरी मुलांसाठी खरा टप्पा 1962 चा. त्या साली शालेय क्रीडा महासंघाने कबड्डी आपल्या यादीत घेतली आणि वाळूतला खेळ मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा झाला.

इथे थोडं दूर जाऊन येतो. रग्बी लीग नावाचा एक खेळ आहे. आपण टीव्हीवर कधीमधी बघतो ते पंधरा जणांचं रग्बी वेगळं. लीग तेरा जणांची. 29 ऑगस्ट 1895 या दिवशी उत्तर इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड गावी जॉर्ज हॉटेलात काही क्लबांची बैठक झाली आणि ते मूळ संघटनेतून फुटले. कारण अगदी रोकडं होतं. खेळाडू गिरण्यांतले आणि खाणींतले कामगार. शनिवारी सामना खेळायचा तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायची. ती भरून द्या, एवढीच क्लबांची मागणी. लंडनकडच्या सुखवस्तू मंडळींना मात्र पैशाचा स्पर्श झालेला खेळ विटाळल्यासारखा वाटला. फुटलेल्यांनी मग खेळच बदलला. 1906 साली गडी पंधराचे तेरा केले, कारण तिकीट काढून आलेल्या कामगाराला ढीग नको होते, पळापळ हवी होती.

हे वाचताना मला लालबाग-परळच आठवतं. खटाव, माण, आटपाडी हे कोरडे तालुके. इथला एक भाऊ शेतावर आणि एक भाऊ मुंबईच्या गिरणीत, अशी घराघराची वाटणी. गिरणगावातल्या मंडळांनी कबड्डी जोपासली ती पाळी संपवून आलेल्या याच पोरांच्या जोरावर. चाळींच्या मधल्या मातीत, दिव्यांच्या माळांखाली रात्री उशिरापर्यंत सामने चालायचे. गणपतीला किंवा यात्रेला हा भाऊ गावी आला की मुंबईचे डावही बरोबर यायचे. चवडा कसा धरायचा, साखळीत कोणी आधी झेपावायचं, निदानरेषा ओलांडून परतणाऱ्याला कोपऱ्यातून कसं गाठायचं, हे धाकट्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकवलं नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले. कित्येक जण गावाकडे परतले ते कायमचे. त्याच वर्षाअखेरी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी प्रदर्शनीय खेळ म्हणून दाखवली गेली आणि 1990 ला बीजिंगमध्ये ती पदकाचा खेळ झाली. यामागे शंकरराव साळवी म्हणजे बुवांची हयातभराची धडपड होती. त्यांचा जन्मदिवस, 15 जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. ज्या वर्षी या खेळाचा पोशिंदा कामगार कोलमडला त्याच वर्षी खेळ परदेशी पाहुण्यांसमोर उभा राहिला, हे मला चटका लावणारं वाटतं.

दोन खेळांची नाळ आणखीही एका जागी जुळते. रग्बी लीगमध्ये चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडतात, तो उठून चेंडू मागे सरकवतो आणि पुन्हा धडक देतो. पूर्वी एकच संघ असं कितीही वेळ करत बसायचा. लोक कंटाळले, म्हणून 1966 साली चार धडकांची मर्यादा आली, पुढे ती सहा झाली. आपल्याकडे प्रो कबड्डीने 2014 पासून हेच केलं. चढाईला तीस सेकंद. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणा, नाहीतर बाद व्हा. फरक इतकाच की आपल्या खेळात चेंडू नाही, चढाईला गेलेला गडीच चेंडू.

मुलांच्या बाबतीत मात्र वाटा निराळ्या झाल्या. सिडनीत पोरांच्या रग्बी लीगला वयाप्रमाणे चषक आहेत. 1961 पासून जर्सी फ्लेग, 1965 पासून एस. जी. बॉल, 1970 पासून सर्वांत लहानांसाठी हॅरल्ड मॅथ्यूज. तिथे वय बघतात. मग पॅसिफिक बेटांकडच्या थोराड मुलापुढे त्याच वयाचं किडकिडीत पोर उभं राहतं आणि पालकांचे वाद पेटतात. आपण वयाच्या जोडीला वजन घेतलं. जन्मतारखेची नोंद कशीबशी व्हायची त्या काळात शाळेच्या दाखल्यापेक्षा काटा जास्त खरं बोलायचा. मैदानही लहान केलं. पुरुषांचं तेरा मीटर लांब आणि दहा रुंद, किशोरांचं अकरा बाय आठ. डाव वीस मिनिटांचे, ते किशोरांना पंधराचे.

औंधच्या राजाला हे आवडलं असतं का? मला वाटतं आवडलं असतं. त्यांचा जीव मोजमापात होता, किती नमस्कार घातले हे ते मोजायचे. राज्यकारभारातही त्यांनी असाच एक हिशोब करून बघितला. गांधीजींचा सल्ला घेऊन आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या मदतीने 1939 साली त्यांनी सत्ता लोकांच्या हाती देणारी घटना दिली. आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांची उघडी वसाहत उभी राहिली, ते स्वतंत्रपूर.

संस्थानाच्या शाळांत कमावलेली शरीरं मात्र खेळापुरती राहिली नाहीत. कुंडल हे औंधचंच गाव. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ यांनी तिथे तुफान सेना उभी केली. जून 1943 मध्ये शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडवली गेली ती याच पोरांच्या बळावर. सूर्यनमस्कारांतून क्रांती झाली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण तालीम, कवायत आणि एका दमात पळून परत येण्याची सवय ज्या मुलखात आधीपासून होती तिथेच तुफान सेना रुजली, हे नाकारता येत नाही. त्याच कुंडलचं कुस्ती मैदान आजही नावाजलेलं आहे. आणि हेलसिंकीला 1952 साली स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव शेजारच्या कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे.

आता स्पर्धा मॅटवर होतात. मातीत अनवाणी वाढलेल्या पोराला मॅटवर बूट घालून वळताना घोटा सांभाळता येत नाही आणि गावच्या शाळेला मॅट परवडत नाही. ज्या खेळाला काहीही साहित्य लागत नव्हतं तोच आता साहित्यावाचून अडतो. तालुक्याची फेरी मातीवर आणि पुढची मॅटवर, असं झालं की खेड्यातला संघ हरतो तो पायांमुळे, दमामुळे नव्हे. जिल्हा क्रीडा कार्यालयांनी तालुक्याला निदान एक मॅट फिरती ठेवावी, एवढं तरी व्हायला हरकत नाही.

8 मार्च 1948 ला औंध मुंबई राज्यात विलीन झालं. मूळचं संस्थानही तुकड्यातुकड्यांचंच होतं. विलीनीकरणानंतर औंध उत्तर साताऱ्यात राहिलं, आटपाडी आणि कुंडल दक्षिण साताऱ्यात गेले, ज्याचं 1960 साली सांगली झालं, आणि गुणदाळकडची गावं विजापूरकडे गेली. शालेय कबड्डीत औंधची पोरं खटाव तालुक्याकडून साताऱ्याला खेळतात, आटपाडीची सांगलीला. जिल्हा जिंकला तर दोघांची गाठ कोल्हापूर विभागात पडते आणि एकाच राजाच्या प्रजेची नातवंडं-पणतवंडं मध्यरेषेच्या दोन बाजूंना उभी राहतात. त्याआधी दोघांनाही काट्यावर चढावं लागतं.