प्रश्न उद्भवत नाही

विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांची यादी कधी हाती आली, तर एक वाक्य वारंवार भेटते : ‘प्रश्न उद्भवत नाही.’ आमदारांनी विचारलेले असते की अमुक योजनेचा निधी खर्च न होता परत गेला, हे खरे आहे काय? असल्यास त्याला जबाबदार कोण? नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत? मंत्री पहिल्या उपप्रश्नाला ‘हे खरे नाही’ असे उत्तर देतात आणि मग खालचे सगळे उपप्रश्न पिकल्या पानासारखे गळून पडतात. ‘अंशतः खरे आहे’ हे त्याचे धाकटे भावंड. कोणता अंश खरा आणि कोणता खोटा, ते शोधायचे काम वाचणाऱ्याचे.

ही भाषा रुक्ष आहे म्हणून आपण ती वाचत नाही. वर्तमानपत्रात अधिवेशनाची बातमी येते ती गोंधळाची, सभात्यागाची, एखाद्या शेलक्या टोमण्याची. पण त्याच दिवशी सभागृहाच्या पटलावर शेकडो लेखी उत्तरे ठेवली जातात. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकित म्हणजे ज्याचे उत्तर मंत्र्याने उभे राहून द्यायचे आणि ज्यावर लगेच उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर फक्त लेखी मिळते. बाहेर नाव होते ते तारांकिताचे, पण आकडे, तक्ते, जिल्हावार याद्या बहुधा अतारांकितात सापडतात. पेट्रोलवर कर किती, शिष्यवृत्तीला पैसे किती, रेशनला माणसे किती, हे सगळे तिथे असते. फक्त विचारणाऱ्याने नीट विचारलेले असावे लागते.

नीट विचारणे म्हणजे काय, हे समजायला आपल्या घरांत लहानपणापासून सांगितला जाणारा चादरीचा प्रसंग आठवावा. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत आलेल्या कापडातून प्रत्येकाला एकेक चादर मिळाली. उमर (रजि.) उंचेपुरे, एका चादरीत त्यांचा कुर्ता होणे शक्य नव्हते, आणि तरी ते नवा कुर्ता घालून खुत्ब्याला उभे राहिले. एक माणूस उठला आणि त्याने विचारले, सगळ्यांना एक मिळाली, तर तुमच्याकडे दोन कशा? उमर (रजि.) यांनी मुलाकडे, अब्दुल्लाह (रजि.) यांच्याकडे पाहिले. त्यांनी उठून सांगितले की माझ्या वाट्याची चादर मी वडिलांना दिली. हा प्रसंग आपण खलिफांच्या सहनशीलतेचा नमुना म्हणून सांगतो, आणि तो आहेच. पण त्या विचारणाऱ्याचेही कौतुक करायला हवे. त्याने ‘आपण न्यायाने वागता काय?’ असे मोघम विचारले नाही. वाट्याला आलेल्या चादरी एक आणि अंगावरच्या दोन, इतकाच हिशेब पुढे ठेवला. त्या प्रश्नातून ‘उद्भवत नाही’ म्हणून निसटता येत नव्हते.

आता आपल्या मोटारसायकलच्या टाकीकडे येऊ. २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर एक लिटर पेट्रोलमागे केंद्राचा कर ३२ रुपये ९० पैसे होता. डिसेंबर २०२१ मध्ये राज्यसभेत अर्थमंत्र्यांनी लेखी उत्तरात सांगितले की पेट्रोल आणि डिझेलवरील उत्पादन शुल्कातून, उपकर धरून, २०१९-२० मध्ये २ लाख १९ हजार ७५० कोटी रुपये आणि २०२०-२१ मध्ये ३ लाख ७१ हजार ९०८ कोटी रुपये मिळाले. दुसरे वर्ष टाळेबंदीचे. गाड्या घरासमोर उभ्या होत्या, तरी वसुली दीडपटीहून जास्त झाली, कारण मे २०२० पर्यंत शुल्क मोठ्या प्रमाणात वाढवले गेले होते. इथवर सगळ्यांनी वाचले. पण खरी गोष्ट त्याच्या पुढच्या प्रश्नात आहे : या पैशातून राज्यांच्या वाट्याला किती येते?

ते ३२ रुपये ९० पैसे सुटे करून पाहिले तर मूळ उत्पादन शुल्क १ रुपया ४० पैसे, विशेष अतिरिक्त शुल्क ११ रुपये, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर १८ रुपये आणि कृषी उपकर २ रुपये ५० पैसे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७० नुसार उपकर आणि अधिभार राज्यांत वाटायचे नसतात. वाटायचे ते फक्त मूळ शुल्क. त्याचे ४१ टक्के म्हणजे सुमारे ५७ पैसे, आणि तेही सगळ्या राज्यांत मिळून. पंधराव्या वित्त आयोगाने महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के ठरवला होता. हिशेब केला तर लिटरमागे आपल्या राज्याला या वाटपातून साडेतीन पैशांहून थोडे अधिक मिळत होते. केंद्राचे म्हणणे असे की उपकराचा पैसा रस्त्यांवरच खर्च होतो आणि रस्ते राज्यांतच असतात. ते चूक नाही. राज्य आपला व्हॅट वेगळा लावते आणि तोही हलका नव्हता, हेही खरे. पण ‘उत्पादन शुल्क किती जमा झाले?’ एवढाच प्रश्न विचारून थांबणाऱ्याला हे वाटप कधीच दिसले नसते. उपकर किती, मूळ शुल्क किती, वाटलेले किती, असे सुटे विचारले तरच दिसते.

उत्तर कोणाकडे मागितले, यानेही फरक पडतो. सप्टेंबर २०२० चे संसदेचे अधिवेशन कोरोनाच्या सावटाखाली झाले. प्रश्नोत्तराचा तास रद्द केलेला होता, फक्त लेखी उत्तरे मिळत होती. टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मृत्युमुखी पडले, त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली काय, असे लोकसभेत विचारले गेले. श्रम मंत्रालयाने लिहिले की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. याच मंत्रालयाकडे गावी परतलेल्या मजुरांचा आकडा मात्र होता : १ कोटी ४ लाखांहून अधिक, राज्यवार तक्त्यासह. त्याच अधिवेशनात राज्यसभेत प्रश्न रेल्वेमंत्र्यांना गेला, आणि तो श्रमिक विशेष गाड्यांपुरता होता. उत्तर आले : ९ सप्टेंबरपर्यंत या गाड्यांतून प्रवास करताना ९७ जणांचा मृत्यू. रेल्वेकडे नोंद होती, कारण रेल्वे पोलिसांना प्रत्येक मृतदेहाचा कागद करावा लागतो. जालन्याहून भुसावळकडे रुळावरून चालत निघालेले आणि ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडच्या हद्दीत मालगाडीखाली सापडलेले १६ मजूर या ९७ मध्ये नाहीत. ते गाडीत बसलेलेच नव्हते. एका तक्त्यात ते बसले नाहीत आणि दुसरा तक्ता कुणी केलेला नव्हता.

‘आकडेवारी उपलब्ध नाही’ या उत्तराचा सर्वांत मोठा फटका आपल्या स्वयंपाकघराला बसतो, आणि तो इतका शांतपणे बसतो की आपण त्याला नशीब म्हणतो. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत सुनेचे किंवा नातवाचे नाव रेशनकार्डावर चढवायला गेलेल्या माणसाला ‘इष्टांक संपला आहे’ असे सांगितले जाते. हा इष्टांक कुठून येतो? राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम २०१३ मध्ये आला. देशातील ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ५० टक्के लोकांना त्याखाली धान्य द्यायचे ठरले. लोकसंख्या धरली २०११ च्या जनगणनेची, आणि त्यावरून देशाचा आकडा निघाला ८१ कोटी ३५ लाख. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ७ कोटी आले. ग्रामीण भागासाठी ७६.३२ टक्के आणि शहरी भागासाठी ४५.३४ टक्के. महाराष्ट्रातल्या मुस्लिम समाजाचा मोठा हिस्सा शहरांत राहतो. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, सोलापूर इथल्या यंत्रमागावर, हातगाडीवर, गॅरेजमध्ये राबणारी घरे शहरी टक्केवारीत मोडतात, जी मुळातच कमी आहे. गरिबी मात्र शहरात आली म्हणून कमी होत नाही.

दर दहा वर्षांनी जनगणना झाली असती तर हा आकडा २०२१ नंतर बदलला असता. ती लांबली. लाभार्थ्यांची संख्या वाढवणार काय, असे संसदेत खासदारांनी पुन:पुन्हा विचारले आणि उत्तरही पुन:पुन्हा तेच आले : पुढच्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाल्यावरच बदल शक्य आहे. आता जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तोवर २०११ नंतर जन्मलेले मूल नवव्या-दहावीत पोचलेले असेल आणि इष्टांक त्याच्या जन्माआधीच्या गणनेवर असेल. दारिद्र्याचेही तसेच. देशात गरीब किती, असे विचारले की उत्तरात २०११-१२ चा २१.९ टक्के हा अंदाज येत राहिला, कारण त्यानंतर दारिद्र्यरेषेवर आधारलेला नवा अधिकृत अंदाजच झालेला नव्हता. मध्ये २०१७-१८ ची घरगुती खर्चाची पाहणी झाली होती. आकड्यांचा दर्जा बरा नाही म्हणून सरकारने ती प्रसिद्ध केली नाही. पुढची २०२२-२३ ची आली. ग्रामीण भागात दरमहा दरडोई खर्च ३,७७३ रुपये, शहरी भागात ६,४५९ रुपये. म्हणजे अकरा वर्षे सरकार जुन्या आरशात तोंड पाहून उत्तरे देत होते. पाहणी नापसंत होती तर ती दोषांसह लोकांपुढे ठेवायला काय हरकत होती, हे मला अजून पटलेले नाही.

शिष्यवृत्तीचा विषय काढला की आपल्याकडे आवाज चढतात, आकडे मात्र क्वचित निघतात. केंद्रीय अल्पसंख्याक मंत्रालयाला २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात ५,०२०.५० कोटी रुपये दाखवले होते. त्याच वर्षाचा सुधारित अंदाज २,६१२.६६ कोटींवर आला. अर्थसंकल्पाच्या दिवशी टाळ्या पहिल्या आकड्याला पडतात. म्हणून ‘तरतूद किती?’ एवढेच विचारू नये. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे तिन्ही मागावेत. त्याच वर्षी पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती बंद झाली, आणि मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद केल्याचे देशाला कळले ते डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेतल्या एका लेखी उत्तरातून. इतर योजनांशी ती मिळतीजुळती आहे, असे कारण दिले होते. खासदाराने विचारले नसते, तर पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना ही बातमी आणखी किती दिवस अफवा म्हणूनच ऐकावी लागली असती?

प्रश्नाने काही बदलतही नाही, असे नाही. आरोग्य विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी होता. (विमा घ्यावा की नाही, यावर आपल्या घरांत उलेमांचे मत विचारले जाते, तो विषय वेगळा.) २०२३-२४ मध्ये आरोग्य विम्याच्या हप्त्यांवरून सुमारे ८,२६३ कोटी रुपये कर गोळा झाला, हे संसदेतल्या उत्तरातूनच बाहेर आले. २०२४ च्या जुलैत नागपुरातल्या आयुर्विमा कर्मचारी संघटनेच्या निवेदनावरून नितीन गडकरी यांनी अर्थमंत्र्यांना हा कर काढण्याविषयी पत्र लिहिले, संसदेत विरोधकांनी निदर्शने केली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य व आयुर्विम्यावरचा कर शून्य झाला. कंपनीने कामगारांसाठी काढलेल्या सामूहिक विम्याला ही सवलत नाही, ते जरा लक्षात ठेवावे.

जुना दाखला हवा तर १९५७ चा आहे. आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे शेअर का घेतले, असे लोकसभेत विचारले गेले. फिरोज गांधी यांनी तो धागा सोडला नाही. चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे आली. त्यांनी ती मुंबईत, उघड्या दालनात, ध्वनिक्षेपक लावून घेतली आणि काही आठवड्यांत संपवली. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. आयोग वर्षानुवर्षे चालतात, अशी सवय झालेल्या आपल्या पिढीला हे परकथेसारखे वाटेल.

लोकसभा, राज्यसभा आणि महाराष्ट्र विधिमंडळ यांच्या संकेतस्थळांवर ही उत्तरे कुणालाही वाचता येतात. ‘माहिती गोळा करण्यात येत असून ती पटलावर ठेवली जाईल’ असे संसदेतले उत्तर दिसले, तर ते आश्वासन मानले जाते. ते तीन महिन्यांत पूर्ण व्हावे असा दंडक आहे आणि त्यावर लक्ष ठेवायला शासकीय आश्वासन समिती असते. व्हॉट्सॲपवर येणारा करांचा, अनुदानाचा कोणताही भयंकर आकडा पुढे ढकलण्याआधी तो तिथे आहे काय, एवढे पाहिले तरी खातरजमा करण्याचा आपला दीनी आदब पाळला जाईल.

आणि आमदार मोहल्ल्यात येतात तेव्हा हारतुरे झाल्यावर त्यांच्या हाती निवेदन देण्याची पद्धत आहे. निवेदनात बहुधा ‘रेशनचा प्रश्न सोडवावा’ असे लिहिलेले असते. त्याऐवजी एका कागदावर एवढेच लिहून द्यावे : आपल्या तालुक्यात ३१ मार्च रोजी अन्न सुरक्षा योजनेचा मंजूर इष्टांक किती, त्यापैकी किती भरला, गेल्या तीन वर्षांत मृत व स्थलांतरित झालेल्या किती व्यक्तींची नावे कमी केली, त्या रिकाम्या जागांवर किती नवी नावे घेतली, आणि आजमितीस प्रतीक्षेत अर्ज किती, त्यातला सर्वांत जुना कोणत्या तारखेचा?