टाटाची फाईल कुठे ठेवली?

परभणी तालुक्यातल्या पेडगावहून मुंबईच्या परळला जायचं म्हणजे आधी परभणी गाठायची, तिथून देवगिरी एक्स्प्रेस धरायची आणि रात्रभराच्या प्रवासानंतर सकाळी मुंबईत उतरायचं. अंतर पाचशे किलोमीटरहून जास्त. मराठवाड्यातल्या गावागावांतून कितीतरी आईबाप आजारी लेकराला घेऊन याच वाटेने परळच्या टाटा मेमोरिअल या कॅन्सरच्या रुग्णालयात गेले आहेत. ‘टाटाला नेलंय’ एवढं म्हटलं की गावात पुढचं कुणी विचारत नाही. परतताना त्यांच्या पिशवीत एक जाडजूड फाईल असते. रक्ताचे रिपोर्ट, सलाईनमधून दिलेल्या औषधांच्या नोंदी, पाठीतून दिलेल्या इंजेक्शनांच्या तारखा, शेक म्हणजे किरणोपचार दिल्याचे कागद असं सगळं तिच्यात असतं.

उपचार संपतात. डोक्यावर केस परत येतात, शाळा सुरू होते, आणि फाईल पेटीच्या तळाशी जाते. आईला ती डोळ्यांसमोरसुद्धा नको असते. तिचा तो त्रास कुणालाही समजेल. पण डॉक्टरांच्या दृष्टीने त्या फाईलचं दुसरं आयुष्य इथूनच सुरू होतं, आणि ते मुलाच्या आयुष्याइतकंच लांब असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख लहान आणि किशोरवयीन मुलांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. गरीब देशांत हे प्रमाण फार खाली आहे. भारतातलं चित्र बदलायला सुरुवात झाली ती १९८० च्या दशकात. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे रक्ताचा. त्याच्यासाठी टाटा मेमोरिअल रुग्णालयात ‘एमसीपी ८४१’ नावाची ठरलेली उपचारपद्धती वापरात आली आणि पूर्वी हातातून जाणारी मुलं वाचू लागली. या पद्धतीत आजार मेंदूत लपून राहू नये म्हणून डोक्याला शेकही दिला जाई. जीव वाचवण्यासाठी तेव्हा ते गरजेचं होतं.

मग दुसरा प्रश्न उभा राहिला. वाचलेली ही मुलं मोठी होतील तेव्हा त्यांचं काय? अमेरिकेतले किरणोपचारतज्ज्ञ जूलिओ डँजिओ यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं होतं की मूल नुसतं बरं होणं पुरेसं नाही. परळमध्ये या प्रश्नाला उत्तर मिळालं ५ फेब्रुवारी १९९१ रोजी. त्या दिवशी डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने टाटा रुग्णालयात एक वेगळी ओपीडी सुरू झाली. तिचं नाव ‘आफ्टर कम्प्लीशन ऑफ थेरपी’, म्हणजे उपचार संपल्यानंतरची ओपीडी. सगळे तिला ‘एसीटी क्लिनिक’ म्हणून ओळखतात. उपचार संपून दोन वर्षं आजार परतला नाही की मुलाचं नाव इथे नोंदवलं जातं. त्यानंतर वर्षातून एकदा यायचं, तेही आयुष्यभर. डॉक्टरांबरोबर इथे मानसोपचार आणि समाजसेवा विभागाची माणसंही असतात.

आयुष्यभर कशासाठी, असा प्रश्न पेडगावच्या बापाला पडला तर तो रास्तच आहे. पोरगं धडधाकट दिसतंय, उड्या मारतंय. मग सोयाबीनची काढणी टाकून मुंबईला कशाला जायचं?

त्याचं उत्तर औषधांच्या स्वभावात आहे. कॅन्सरच्या पेशी झपाट्याने वाढतात आणि किमोची औषधं त्या वाढीवरच घाव घालतात. पण लहान मुलाचं अख्खं शरीरच वाढत असतं. त्यामुळे थोडा घाव निरोगी अवयवांनाही बसतो. त्याची खूण त्या वेळी दिसत नाही. दहा, वीस, कधी तीस वर्षांनी ती वर येते.

डॉक्सोरुबिसिनचंच पाहा. हे लाल रंगाचं औषध आहे. आईबापांना त्याचं नाव आठवत नाही, पण ‘लाल औषध’ म्हटलं की लगेच आठवतं. रक्ताच्या, हाडांच्या आणि इतर अनेक कॅन्सरांत ते फार उपयोगी पडतं, मात्र हृदयाच्या स्नायूंना इजा करू शकतं. हृदयाच्या स्नायूपेशी एकदा मेल्या की जवळपास नव्याने तयार होत नाहीत. मूल वाढतं, शरीर मोठं होतं, आणि उरलेल्या पेशींनाच वाढीव ओझं पेलावं लागतं. आयुष्यभरात मिळून शरीराच्या प्रत्येक चौरस मीटरमागे २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा गेली असेल तर धोका जास्त धरतात. छातीला शेकही दिला असेल तर तो आणखी वाढतो. रोजच्या कामात काहीच जाणवत नाही. बाळंतपणासारखा मोठा ताण आला की मात्र दम लागतो, पाय सुजतात. त्याआधीच टू-डी इको केली तर हृदयाची कमजोरी कळते आणि औषधं सुरू करता येतात.

प्रत्येक औषधाची अशी आपली खूण असते. सिस्प्लॅटिनने उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. मूल वर्गात मागे पडतं, तेव्हा ते मंद आहे असं गुरुजींना वाटतं, पण त्याला नीट ऐकूच येत नसतं. आयफॉस्फमाइडने मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात, कधी खुब्याचा सांधा झिजतो. डोक्याला शेक दिलेल्या काही मुलांची उंची खुंटते, गणित आणि पाठांतर जड जातं. मानेला शेक दिला असेल तर थायरॉईड मंदावू शकतं. मुलीच्या छातीला दिला असेल तर तिची स्तनांची तपासणी इतर बायकांच्या कितीतरी आधी, पंचविशीच्या सुमारासच सुरू करावी लागते. डोळ्याच्या पडद्याच्या कॅन्सरचा आनुवंशिक प्रकार असेल तर बाळाला तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून बाळ जन्मल्याबरोबर त्याचे डोळे तपासायचे असतात.

काही खुणा तर औषधांच्याही नाहीत. किमो चालू असताना मुलांना वारंवार रक्त द्यावं लागतं. भारतात दान केलेल्या रक्ताची हिपॅटायटिस सी साठी तपासणी सक्तीची झाली ती एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी उपचार घेतलेल्या काहींच्या शरीरात हा विषाणू रक्तातूनच गेला. आज तो गोळ्यांनी बरा होतो. मात्र त्यासाठी आधी तपासणी व्हायला हवी.

याचं एकूण प्रमाण किती? अमेरिकेत १९७० ते १९८६ या काळात आजार झालेल्या दहा हजारांहून अधिक मुलांच्या पुढच्या आयुष्याचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. निदानापासून तीस वर्षांत ७३ टक्के लोकांना कोणता ना कोणता दीर्घकाळचा आजार जडला होता. ४२ टक्क्यांच्या बाबतीत तो गंभीर, अपंगत्व आणणारा किंवा प्राणघातक होता. हे आकडे वाचून धास्तावून जायचं कारण नाही. तेव्हा शेक आणि औषधं जास्त मात्रेत दिली जात. हे अभ्यास पाहूनच पुढे मात्रा कमी झाल्या, आणि रक्ताच्या कॅन्सरमध्ये आता बहुतेक मुलांच्या डोक्याला शेक देणं टाळलं जातं. शिवाय यातल्या पुष्कळ गोष्टींवर साधे इलाज आहेत. थायरॉईडला रोजची एक गोळी, कानाला यंत्र, हाडांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. तंबाखू आणि गुटख्यापासून दूर राहणं हा तर फुकटचा इलाज, आणि या मुलांसाठी तो दुप्पट मोलाचा.

शरीराहून अवघड गाठ समाजाशी पडते. काही घरांत मुलाला त्याच्या आजाराचं नावच सांगत नाहीत. ‘लहानपणी रक्त कमी झालं होतं’ एवढ्यावर भागवतात. मुलीच्या बाबतीत तर स्थळ पाहायची वेळ आली की फाईल आणखी खोल दडवली जाते. कॅन्सर संसर्गाने होत नाही. आनुवंशिक प्रकार सोडले तर बरं झालेल्या आईबापांच्या मुलांना कॅन्सरचा वेगळा धोका नसतो, हे मोठ्या अभ्यासांतून दिसलं आहे. काही औषधांनी मूल होण्याची क्षमता कमी होते हे खरं. त्यासाठीच किशोरवयीन मुलाचं वीर्य उपचारांआधी जपून ठेवण्याची सोय असते. पण हे सगळं उघड बोलल्याशिवाय कळणार कसं?

हे बोलणं सुरू केलं ते बरं झालेल्या मुलांनीच. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने २००९ मध्ये मुंबईत ‘उगम’ हा त्यांचा गट उभा राहिला. आज उपचार घेणाऱ्या मुलांना ते जाऊन भेटतात, शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी एकमेकांना हात देतात. वॉर्डातल्या आईला डॉक्टरांच्या दहा वाक्यांनी जो धीर येत नाही, तो समोर उभा असलेला पंचवीस वर्षांचा तरुण ‘मीही याच खाटेवर होतो’ म्हणाला की येतो. कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या मुलांसाठी मॉस्कोत भरलेल्या क्रीडास्पर्धांतून टाटाच्या मुलांनी पदकंही आणली आहेत. कायद्याचीही मदत होऊ शकते. हाडाच्या कॅन्सरमध्ये पाय गमावलेल्यांना आणि श्रवणशक्ती गेलेल्यांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र आणि सवलती मिळतात. फ्रान्सने त्याच वर्षी कायदा करून ठरवलं की बरं होऊन ठराविक वर्षं लोटली की कर्ज किंवा विमा घेताना जुना कॅन्सर सांगण्याची सक्ती करता येणार नाही. बँकेला न सांगण्याचा हक्क मिळाला, तरी स्वतःच्या डॉक्टरला सगळं सांगावंच लागतं.

पेडगावसारख्या गावात राहणाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. दरवर्षी परळला जाणं ज्यांना जमत नाही, त्यांच्या बऱ्याचशा तपासण्या जवळपास होऊ शकतात. रक्तदाब आणि लघवीची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. थायरॉईडची रक्ततपासणी आणि इको परभणीत होते. काही वेगळं आढळलं तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय परळपेक्षा पुष्कळ जवळ आहे. अडतं एवढंच, की कुणाची कोणती तपासणी करायची हे समोरच्या डॉक्टरला कळणार कसं? पाचव्या वर्षी लाल औषध घेतलेली मुलगी तेविसाव्या वर्षी पोटुशी असते आणि तिला दम लागतो, तेव्हा डॉक्टरांना रक्त कमी असल्याची शंका आधी येणार. इको करायची बुद्धी त्यांना फाईलच देईल.

सगळी फाईल जपता आली नाही तरी एक पान पुरतं. त्यावर आजाराचं नाव, निदानाची तारीख, कोणती औषधं एकूण किती मात्रेत दिली, शेक कुठे आणि किती दिला, कोणत्या शस्त्रक्रिया झाल्या, रक्त दिलं का आणि पुढे कोणत्या तपासण्या कधी करायच्या एवढं असावं. युरोपात यालाच ‘सर्व्हायव्हरशिप पासपोर्ट’ असं नाव दिलं आहे. उपचार संपताना डॉक्टरांकडे असा सारांश मागता येतो. त्याचा फोटो आईच्या मोबाइलमध्ये असावा. मूल जाणतं झालं की त्याच्याही मोबाइलमध्ये असावा, आणि त्यात काय लिहिलंय ते त्याला नीट समजावून सांगावं. लग्न होऊन मुलगी सासरी निघाली की तिच्या सामानात ते पानही जावं.

१९९१ मध्ये एसीटी क्लिनिक सुरू झालं तेव्हा तिथे आईबापांचं बोट धरून आलेली मुलं आज चाळिशीत आहेत. त्यांच्या फाईलवर पुढच्या वर्षीच्या तपासणीची तारीख अजूनही घातली जाते.