खिशातला जीपीएस आणि विहिरींचा नकाशा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं किंवा ज्यांचे इअरफोन आज घरी राहिलेत, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लिखित भाग. बोलताना झालेली अडखळ काढली आहे, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

विषय निघाला एका मेसेजवरून. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका श्रोत्याने विचारलं, "दादा, आमचा फील्ड प्रोजेक्ट आहे. सर म्हणाले मोबाइलवर मॅपिंग करा. कुठलं अ‍ॅप टाकू?" नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत, त्यामुळे हा प्रश्न आता खूप जणांना पडतोय. अ‍ॅपचं नाव सांगतो, पण जरा थांबा. आधी फोन काय करतो ते बघू, नाहीतर हातात नकाशा येईल आणि त्यातलं खरं किती हे कळणार नाही.

कॉलेजात 'लोकेशन' म्हटलं की आपल्याला आठवतो जिओटॅग फोटो. वृक्षारोपण झालं, सगळे रांगेत उभे राहिले, फोटोखाली अक्षांश-रेखांशाची काळी पट्टी आली, फोटो फाइलला लागला. त्या पट्टीतले आकडे कुणी वाचतं का? आज ते वाचूया.

तर, जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक जण सतत एकच गोष्ट सांगत असतो: मी कोण, मी कुठे आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता किती वाजलेत. आपला फोन फक्त ऐकतो, वर काहीही पाठवत नाही. सिग्नल निघाला कधी आणि पोचला कधी, यातल्या फरकावरून अंतर निघतं. तीन उपग्रहांची अंतरं कळली की जागा ठरायला हवी, पण फोनमधलं घड्याळ स्वस्तातलं. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणून चौथा उपग्रह लागतो, तो ही घड्याळाची चूक पकडून देतो. आता फोन जीपीएससोबत रशियाचे, युरोपचे, चीनचे उपग्रहही ऐकतात, आणि काही फोन आपल्या इस्रोचं नाविकसुद्धा.

यातून एक गैरसमज निकालात निघतो. "तिथे रेंज नाही, मग जीपीएस कसं चालणार?" चालतं. जीपीएसला सिमकार्ड लागत नाही. फ्लाइट मोडवरही चालतं. नेट असलं की उपग्रहांची ताजी माहिती नेटवरून पटकन मिळते आणि निळा ठिपका लगेच येतो. नेट नसेल तर फोनला तीच माहिती उपग्रहाकडून घ्यावी लागते, आणि ती येते सेकंदाला ५० बिट या वेगाने. हो, ५० बिट. आजोबांच्या काळातली तार म्हणा ना. म्हणून डोंगरात पोचल्यावर फोन उघड्या आभाळाखाली धरून दोन-तीन मिनिटं गप्प उभं राहायचं. बंद पडतं ते नकाशाचं चित्र, कारण ते नेटवरून येतं. ते आदल्या रात्री हॉस्टेलच्या वायफायवर उतरवून ठेवायचं.

आता अचूकता. मोकळ्या जागेत चांगला फोन साधारण पाच मीटरच्या आत-बाहेर जागा सांगतो. वडाखाली, घळीत किंवा उंच इमारतींच्या मध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि ठिपका उड्या मारतो. ठिपक्याभोवतीचं फिकट निळं वर्तुळ म्हणजे 'मी यात कुठेतरी आहे' असं फोन प्रामाणिकपणे सांगतोय. आणि फोटोवरची पट्टी? तिथे दशांशानंतर सहा-सहा, आठ-आठ आकडे असतात. दशांशानंतरचा पाचवा आकडा म्हणजे जमिनीवर सुमारे एक मीटर, सहावा म्हणजे अकरा सेंटिमीटर. फोनला पाच मीटरचं जेमतेम कळतंय आणि पट्टी सेंटिमीटरच्या गप्पा मारतेय. प्रोजेक्टमध्ये पाच आकडे लिहा, पुरे.

हे गावाकडच्या भाषेत सांगतो. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे बाजू साधारण दहा मीटर. फोनची पाच मीटरची चूक म्हणजे गुंठ्याची अर्धी बाजू गेली! तेव्हा मंडळी, बांधाचं भांडण कृपा करून फोनवर सोडवायला जाऊ नका. पण 'ही विहीर ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे' यासाठी तीच अचूकता भरपूर आहे. हत्यार तेच, प्रश्न कुठला यावर सगळं अवलंबून.

आता विहिरींकडे येतो. माझी मावसबहीण भूगोल शिकवते. गेल्या दिवाळीनंतर तिच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन ती माण तालुक्यातल्या एका गावी गेली. मला नेलं 'फोनमध्ये काही बिघडलं तर' म्हणून. माण म्हणजे पावसाच्या सावलीतला, दुष्काळाची सवय झालेला भाग. काम साधं होतं: शिवारातल्या विहिरी शोधायच्या, पाणी किती खोल आहे ते मोजायचं आणि नकाशावर टाकायचं.

अ‍ॅप वापरलं क्यूफील्ड. फुकट आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. आधी लॅपटॉपवर क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट बनवायचा, त्यात मागे कुठला नकाशा हवा आणि प्रत्येक विहिरीसाठी कुठले रकाने हवेत ते ठरवायचं, मग तो फोनवर टाकायचा. शेतात विहिरीपाशी उभं राहून बिंदू नोंदवायचा, फॉर्म भरायचा, फोटो जोडायचा. एकाच जागी अनेक रीडिंग घेऊन सरासरी काढायची सोयही त्यात आहे, ती जरूर वापरा. फक्त फॉर्म भरायचे असतील, नकाशा दुय्यम असेल, तर कोबोटूलबॉक्स सोपं पडतं.

झालं, अ‍ॅपचं नाव सांगून झालं. आता खरी गोष्ट.

मुलांनी फॉर्ममध्ये एक रकाना केला होता, 'विहीर चालू / बंद'. वर्गात बसून केलेला. पहिल्याच विहिरीवर अडलं. पाणी आहे, पण मोटर नाही. चालू की बंद? दुसरीत गाळ, पण मालक म्हणाला आषाढात भरते. तिसरी बुजवून त्यावर गोठा बांधलेला, तरी गावात अजून तिचं नाव घेतात. मुलं तिथेच ज्वारीच्या ताटांत उभी राहून वीस मिनिटं भांडली आणि एका रकान्याचे तीन रकाने झाले: पाणी आहे का, उपसा होतो का, वर्षातले कुठले महिने. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, ऑफिसात याला आम्ही डेटा मॉडेल म्हणतो आणि त्यावर मीटिंगा घेतो. वर्गीकरण म्हणजे काय हे पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा त्या गोठ्यापाशी जास्त कळलं असेल, असं माझं मत.

मोजमापही फोन करत नाही बरं का. टेपच्या टोकाला वजन बांधून ती आत सोडायची. मोजतो आपण कठड्याच्या वरून, त्यामुळे कठड्याची उंची वजा करायची, तेव्हा जमिनीपासूनची खोली मिळते. एका गटाने वजा केली नव्हती. संध्याकाळी नकाशा लॅपटॉपवर उघडला तेव्हा त्यांच्या सगळ्या विहिरी शेजारच्यांपेक्षा खोल दिसल्या, आणि पोरांनी स्वतःच कारण शोधलं. वहीतल्या यादीत ते दिसलं नसतं.

मग आली मजेशीर जोडी. दोन विहिरी, एकमेकींपासून हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर. एकीत पाणी हाताशी, दुसरीत पार तळाला. मुलं म्हणाली, एक उंचावर असेल, फोनमध्ये उंची बघू. इथे सांभाळून. जीपीएसची उंची आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते. शिवाय काही अ‍ॅप दाखवतात ती उंची समुद्रसपाटीपासूनची नसतेच, पृथ्वीच्या एका गणिती अंडाकृती आकारापासूनची असते. मुंबईच्या चौपाटीवर उभं राहिलात तर असं अ‍ॅप उणे साठच्या आसपास आकडा दाखवेल, म्हणजे तुम्ही बुडालेले! त्यामुळे उंची टोपोशीटच्या समोच्च रेषांवरून बघितली. जमीन जवळजवळ सारख्याच पातळीवर.

उत्तर मिळालं ते विहिरीत वाकून बघितल्यावर. भरलेल्या विहिरीच्या भिंतीत मुरमाखाली मांजऱ्या खडक लागला होता, भेगाळलेला, पाणी झिरपू देणारा. दुसरी जवळजवळ सगळी काळ्या पाषाणात खोदलेली. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये असंच असतं, लाव्हाच्या थरावर थर, एक थर पाणी धरतो, दुसरा अडवतो. हे सेकंड इयरच्या पेपरात सगळ्यांनी लिहिलेलं होतं. पण 'हे इथे असं का' हा प्रश्न त्यांना पडला तो नकाशावरचे दोन बिंदू शेजारी शेजारी, दोन वेगळ्या रंगांत दिसल्यामुळे. फोनचा शिक्षणात उपयोग काय असं कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देतो. फोनने उत्तर दिलं नाही, कुठे वाकून बघायचं ते दाखवलं.

दुसऱ्या दिवशी एका आजोबांनी मुलींना विचारलं, "पोरींनो, पाण्याचं लिहून नेताय, हे कुणाकुणाला दाखवणार? उद्या कुणी येऊन म्हणालं, हिच्यात पाणी आहे, हिच्यातनं टँकर भरा. मग?" मुली गप्प. प्रश्न रास्त होता. दुष्काळी गावात कुठल्या विहिरीत मे महिन्यात पाणी असतं ही माहिती म्हणजे पैसा आहे, आणि भांडणही. त्या रात्री शाळेच्या व्हरांड्यात तासभर चर्चा झाली. शेवटी ठरलं: मालकांची नावं नकाशातून काढायची, मोबाइल नंबर घ्यायचेच नाहीत, ज्याने नको म्हटलं त्याची विहीर टाकायची नाही. संपूर्ण नकाशा आधी गावात दाखवायचा, मग कॉलेजात. दोन जणांनी नको म्हटलं. त्या दोन जागा रिकाम्या आहेत आणि अहवालात तसं लिहिलंय. मार्कांवर परिणाम होईल का, असं एकाने विचारलं. ताई म्हणाली, रिकामी जागा का रिकामी आहे हे लिहिल्याचे मार्क आहेत.

वनस्पतिशास्त्रवाल्यांनो, तुम्हालाही हे लागू आहे. कंदीलपुष्पाच्या दुर्मिळ जाती कासपासून वेगवेगळ्या सड्यांवर आढळतात. नेमकं ठिकाण जाहीर केलंत तर कंद उकरून नेणारेही तोच नकाशा वाचतात. आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी धोक्यातल्या जातींची जागा मुद्दाम धूसर करून दाखवतात, ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी. म्हणजे आपल्याकडे वीसेक किलोमीटरचा पट्टा. तुमच्या पीडीएफ अहवालात मात्र ही सोय आपोआप नसते, आणि फोटोच्या फाइलमध्येही जागा लपलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून फोटो पाठवलात तर ती सोबत जाते.

मग उघडपणे काय टाकायचं? रस्ते, ओढे, शाळा, वाड्या-वस्त्यांची नावं. यासाठी ओपनस्ट्रीटमॅप आहे, २००४ साली सुरू झालेला, कुणालाही भर घालता येईल असा नकाशा. त्यात मराठी नाव देवनागरीत वेगळं नोंदवता येतं. आमच्यासोबतच्या एका मुलीचं आजोळ त्याच गावातलं. तिला प्रत्येक मळ्याचं, ओढ्याच्या प्रत्येक वळणाचं नाव पाठ, आणि फोनवरच्या नकाशात तिथे नुसता करडा रंग. तिने एका दुपारी तेवीस नावं टाकली, आधी मामीला फोन करून खात्री करत करत. कायद्याची भीती काही जण घालतात, तर फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय व्यक्ती आणि संस्थांना असा डेटा गोळा करायला पूर्वपरवानगी लागत नाही. संवेदनशील ठिकाणांचे नियम वेगळे, तिकडे फिरकू नका.

ज्या श्रोत्याने विचारलं त्याच्यासाठी शेवटचं, व्यवहाराचं. निघायच्या आधी त्या भागाचा नकाशा हाताने कागदावर काढा, आठवेल तसा. निळा ठिपका मागे लागला की आपण आजूबाजूला बघणं सोडतो, ताईच्या वर्गात म्हणून पहिला अर्धा तास फोन बॅगेत असतो. गटात एक पॉवर बँक आणि एक साधी वही हवीच. महागडा फोन नसला तरी बिघडत नाही, आमच्यात सगळ्यात स्थिर रीडिंग देणारा फोन काच तडकलेला होता. दिवसाचं काम झालं की त्याच संध्याकाळी डेटा दुसऱ्या ठिकाणी कॉपी करा आणि सगळ्यांनी मिळून नकाशा उघडून बघा, घरी येऊन नाही. चूक दुरुस्त करायला विहीर अजून जवळ असते तेव्हाच.

त्या गावचा नकाशा मोठा छापून ग्रामपंचायतीत लावलाय. मे महिन्यात मुलं परत मोजायला जाणार आहेत. आजोबांनी निरोप पाठवलाय की या वेळी टेप लांब आणा.