चप्पल निसटते, कळत नाही

दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातल्या सिरसाळ्यातून आणि आसपासच्या गावांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. हंगाम संपला की मुकादम आगाऊ दिलेल्या उचलीचा हिशोब करतो. कंबरेचा हिशोब कुणी करत नाही.

फडातलं काम जवळून बघावं. ऊस बुडातून तोडायचा म्हणजे दिवसभर वाकूनच राहायचं. मग मोळी बांधायची, साधारण 30-40 किलोची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी आणि ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचं. वर गेलं की कंबरेतून वळून मोळी टाकायची. बायकाही हेच करतात, रात्री गाडी आली तर रात्रीही. ओझ्याखालच्या कंबरेला असा पीळ पुन्हा पुन्हा बसत गेला की दोन मणक्यांमधल्या गादीचं कडं चिरतं, आतला मऊ गर मागं सरकतो आणि नसेवर दाबतो. बहुतेकदा कंबरेच्या शेवटच्या दोन गाद्यांत हे घडतं. दुखतो पाय, मूळ असतं कंबरेत. 1934 मध्ये अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी हे नातं नीट मांडलं.

आमचे चुलते कितीतरी हंगाम तोडणीला गेले. आधी उसण भरली. पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाची लाथ लावून घेतली, विटेनं शेकलं आणि खाडा पडू नये म्हणून गोळी खाऊन पुन्हा फडात उतरले. मग कळ कुल्ल्यातून मांडीच्या मागनं पोटरीत उतरली. खोकलं तरी पायात चमक जायची. पुढं कळ कमी झाली, घरच्यांना वाटलं उतार पडला. एक दिवस चालताना उजव्या पायातली चप्पल मागं राहिली. चार पावलं ते तसेच गेले, त्यांना पत्ताच नाही.

डॉक्टरांनी त्यांना उताणं झोपवलं आणि टाच धरून, गुडघा न वाकवता, पाय वर उचलला. हातभर उठला न उठला तोच चुलत्यांनी खाटेची कड घट्ट धरली. मग उजव्या पायाचा अंगठा वर ओढून धरायला सांगितला. डॉक्टरांनी एका बोटानं दाबला तर तो खाली गेला. डावा मात्र दाबूनही हलेना. शेवटी उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला कापसाचा बोळा फिरवला.

"काका, लागतंय का?"

"लावला का तुम्ही?"

कळ कमी होऊन बधिरपणा वाढत असेल तर तो उतार नसतो, नस दबून कामातून चाललेली असते. चुलत्यांची दबली तिच्या खालची नस दबली तर पावलाची करंगळीकडची बाजू बधिर होते, चवड्यावर उभं राहवत नाही.

बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. दीड ते तीन महिन्यांत सरकलेला गर आक्रसतो, सूज ओसरते. खाटेला खिळून राहायचं नसतं, हलकं चालत राहायचं असतं. पण ओझं बंद. इथंच घोडं अडतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक बसला की दुसऱ्याचं कामही अडतं आणि उचल फिटत नाही. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढवायचं ठरलं, ते योग्यच झालं. मोळीचं वजन मात्र तेवढंच राहिलं. पुढच्या करारात दराच्या जोडीला मोळीच्या वजनाची मर्यादा आणि आजारपणातल्या खाड्याची माफीही मागितली पाहिजे.

मुकादमांना आणि टोळीतल्या सगळ्यांना एक विनंती आहे. पाय बधिर झालेल्या माणसाच्या कंबरेला कुणाची लाथ लावू देऊ नका. पाऊल उचलेना झालं तर दवाखाना पुढं ढकलू नका. लघवी अडली, नकळत झाली किंवा बैठकीची जागा बधिर पडली, तर हंगाम, उचल, खाडा सगळं बाजूला ठेवा. 108 ला फोन करा आणि त्याच रात्री मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या. आपल्या भागात अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय आहे. सकाळची वाट बघू नका.