नळयोजनेचे मोजमाप

गावात नळ आले, एवढ्यावरून पाणीपुरवठा समाधानकारक आहे असे म्हणता येत नाही. दोन गावांच्या योजनांची तुलना करावयाची, तर दोन्हीकडे एकच माप लावले पाहिजे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दर माणशी दररोज ५५ लिटर हे माप ठरविले आहे.

यातील ‘दररोज’ हा शब्द बहुधा विसरला जातो. समजा, २,००० वस्तीच्या गावी १ लाख लिटरचा जलकुंभ आहे. तो रोज भरून सोडला जात असेल, तर माणशी ५० लिटर पाणी पडते. चार दिवसांतून एकदाच सोडला जात असेल, तर साडेबारा लिटर. कागदावर मात्र दोन्ही योजना सारख्याच दिसतात.

मोठ्या आकड्यांनीही अशीच दिशाभूल होते. २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण कोरडे पडले व लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत ५ लाख लिटर पाणी होते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची वस्ती ३ लाख ८२ हजारांवर होती; म्हणजे माणशी सव्वा लिटरच्या आसपास. पुढे ५० वाघिणींच्या गाडीने २५ लाख लिटर पाणी येऊ लागले, तेही माणशी सुमारे साडेसहा लिटरच होते.

तुलना एकाच ऋतूतील असावी. नांदेडला गोदावरीवरील विष्णुपुरी जलाशयाचा आधार आहे, लातूरला मांजरेचा. नांदेडकडील गावाची दिवाळीतील नोंद लातूरकडील गावाच्या मे महिन्यातील नोंदीशेजारी मांडणे अन्यायाचे होईल.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोजणी कोठे करावी. ती जलकुंभाशी करून भागत नाही. कुंभाजवळचे एक घर व गावाच्या टोकाचे, शक्यतो उंचावरील एक घर निवडावे. २० लिटरची बादली नळाखाली ठेवून घड्याळ पाहावे. जवळच्या घरी ती एका मिनिटात व टोकाच्या घरी पाच मिनिटांत भरली आणि पाणी रोज अर्धा तास येत असले, तर पहिल्या घरास ६०० लिटर व दुसऱ्यास १२० लिटर मिळतात. दोन्ही घरी पाच-पाच माणसे धरली, तर सरासरी माणशी ७२ लिटर येते व योजना उत्तीर्ण ठरते. टोकाच्या घरी मात्र माणशी २४ लिटरच पोहोचतात, आणि तेथील बाईला हंडा घेऊन हातपंपावर जावेच लागते. वाटेतील नळांना कोणी विद्युतपंप लावला असेल, तर हेही पाणी उरत नाही. म्हणून नोंदवहीत सरासरीपूर्वी शेवटच्या नळाचा आकडा लिहावा.

त्याच नळाचे पाणी ओटी द्रावणाने तपासावे. पिवळा रंग येऊन शेष क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम दिसले पाहिजे. कुंभाशी रंग येतो व टोकाला येत नाही, असे आढळल्यास वाटेतील नळ्या फुटक्या आहेत काय, हे पाहावे.

गळतीचा अंदाज रात्री घ्यावा. गावातील सर्व नळ बंद असता कुंभातील पाण्याची पातळी दोनदा मोजावी. तळ २५ चौरस मीटरचा असून पाणी ४ सेंटीमीटर उतरले, तर १,००० लिटर पाणी वाया गेले. मग कुंभाची बाहेर जाणारी झडप बंद करून पुन्हा मोजावे. तरीही पातळी उतरली, तर दोष कुंभातच आहे. न उतरली, तर तो गावातील नळ्यांत शोधावा.