स्वयंसेवकांचा नकाशा आणि भोर-वेल्हे परिसरातील स्थलनामे

नकाशा तयार करणे हे दीर्घकाळ राज्यसंस्थेचेच कार्य मानले गेले. हिंदुस्थानात सर्वेक्षण खात्याचा आरंभ १७६७ साली झाला आणि १८०२ मध्ये लॅम्टनने दक्षिणेत त्रिकोणमितीय मोजणीस प्रारंभ केला. या सर्व उद्योगात स्थानिक मनुष्याचे स्थान ठरलेले असे. तो मोजणीदाराला वाट दाखवी, ओढ्याचे व डोंगराचे नाव सांगे, आणि काम संपले की नकाशाच्या इतिहासातून नाहीसा होई. नाव त्याने सांगितलेले, पण ते कसे लिहावयाचे हे ठरविणारा दुसराच. गेल्या दोन दशकांत महाजालावर सिद्ध झालेल्या सहयोगी नकाशांनी निदान तत्त्वतः हा संबंध पालटला आहे. सांगणारा आता लिहिणाराही होऊ शकतो. प्रत्यक्षात तो तसा कितपत झाला आहे, हा प्रश्न भोर आणि वेल्हे या पुणे जिल्ह्यातील डोंगरी तालुक्यांच्या संदर्भात विशेष उद्‌बोधक ठरतो.

या नकाशांपैकी सर्वांत विस्तृत असा जो ‘ओपनस्ट्रीटमॅप’, त्याची सुरुवात स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली इंग्लंडमध्ये केली. सरकारी मोजणीची सामग्री तेथे मोल देऊनच मिळत असे. तेव्हा ज्यांना नकाशा हवा त्यांनी तो स्वतःच करावा, अशी ही साधी कल्पना होती. त्यापूर्वी २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने उपग्रहाधिष्ठित स्थाननिश्चितीच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली अशुद्धता काढून टाकली होती. त्यामुळे सामान्य माणसाच्या हातातील यंत्रालाही काही मीटरांच्या आत स्थान सांगता येऊ लागले आणि ही कल्पना व्यवहार्य झाली. या नकाशाची रचना थोडक्यात अशी आहे. प्रत्येक वस्तू बिंदू, रेषा किंवा अनेक घटकांचा परस्परसंबंध या तीन रूपांपैकी एका रूपात नोंदली जाते आणि तिला ‘गुण’ व ‘मूल्य’ यांच्या जोड्या चिकटविल्या जातात. डोंगरातील झरा हा एक बिंदू. त्याचा प्रकार, त्याचे मराठी नाव, इंग्रजी नाव, पर्यायी नाव, तो बारमाही की हंगामी, ही त्याच्या सोबतची मूल्ये. प्रत्येक बदल कोणी व केव्हा केला याचा इतिहास कायम राहतो. संशोधकाच्या दृष्टीने हा शेवटचा विशेष फार महत्त्वाचा आहे, कारण छापील नकाशात तो कधीच उपलब्ध नव्हता.

भोर हे पंतसचिवांचे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन झाले. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड असे करण्यात आले. येथे सोयीसाठी जुने नाव वापरले आहे. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या माथ्याला लागून आहेत. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, रोहिड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे ही त्यांची जुनी विभागणी नद्यांवरून व डोंगरधारांवरून पडलेली आहे. तोरणा, राजगड, रोहिडा आणि रायरेश्वर यांच्यामुळे हा प्रदेश महाराष्ट्रभर परिचित असला, तरी त्याच्या वस्तीचे खरे स्वरूप किल्ल्यांत नसून वाड्यांत आहे. एकेका महसुली गावाच्या शिवारात गावठाणापासून दूर, कधी डोंगराच्या सोंडेवर तर कधी पठारावर, चार-दहा घरांच्या वाड्या विखुरलेल्या असतात. धनगरांचे झाप व कातकऱ्यांच्या वस्त्या याहूनही एकाकी असतात.

सहयोगी नकाशाची पहिली अडचण येथेच सुरू होते. त्याची परिभाषा इंग्लंडमधील खेड्यांच्या अनुभवावर घडली आहे. मोठे गाव, लहान गाव, एकाकी घर अशा पायऱ्या तीत आहेत. परंतु ‘महसुली गाव’ हे क्षेत्र आहे, ‘गावठाण’ ही त्या क्षेत्रातील वसती आहे आणि ‘वाडी’ ही त्याच क्षेत्रातील परंतु स्वतःचे नाव व बहुधा स्वतःचा पाणवठा असलेली दुसरी वसती आहे, हा भेद तीत आपोआप येत नाही. परक्या स्वयंसेवकाला उपग्रहचित्रात दहा छपरे दिसतात. तो त्यांना जवळच्या मोठ्या गावाचे नाव देतो आणि वाडी नकाशावर असूनही नाहीशी होते. उलट केवळ महसुली यादी हाती घेऊन काम करणारा गावाचे नाव क्षेत्राच्या मध्यबिंदूवर ठेवतो. तो बिंदू डोंगराळ मुलखात पुष्कळदा निर्जन रानात पडतो. वेल्ह्याच्या नामांतराने याच भेदाचे आणखी एक उदाहरण पुढे आले. तालुका आणि त्याचे ठाणे असलेले वेल्हे बुद्रुक हे गाव नकाशात दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. एकीचे नाव बदलल्याने दुसरीचे बदलत नाही. आणि तालुक्याच्या नोंदीतही जुने नाव पुसावयाचे नसते, ते ‘पूर्वीचे नाव’ या गुणाखाली ठेवावयाचे असते.

नावांचा प्रश्न येथे अधिक विस्ताराने पाहणे इष्ट आहे. तोरण्याला प्रचंडगड व रोहिड्याला विचित्रगड अशी पर्यायी नावे आहेत. भाटघरच्या धरणाला इंग्रजी अमदानीत लॉइड यांचे नाव मिळाले आणि पुढे त्याच्या जलाशयाला येसाजी कंक यांचे. हे प्रकार सोपे होत, कारण प्रत्येक नावाला लिखित आधार आहे. कठीण प्रकार लहान नावांचा आहे. जुन्या मोजणीच्या नकाशांवर ही नावे रोमन लिपीत आहेत. त्या लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांना एकच अक्षर, ‘न’ आणि ‘ण’ यांनाही एकच. ती नावे यंत्राच्या साहाय्याने पुन्हा देवनागरीत आणली म्हणजे गुंजवणे ‘गुंजवने’ होते आणि वेळवंडला ‘वेलवंड’ असे रूप येते. भाटघर धरण ज्या नदीवर आहे तिचे नाव इंग्रजी लेखनात ‘येलवंडी’ असे, तर खोऱ्याच्या नावाशी सुसंगत रूप ‘वेळवंडी’. या दोहोंपैकी एक रूप अशुद्ध ठरवून खोडणे हा मार्ग नव्हे. एक मुख्य नाव व दुसरे पर्यायी नाव म्हणून दोन्ही ठेवता येतात. परंतु मुख्य कोणते, हे ठरविताना तेथे राहणाऱ्याच्या उच्चाराला अग्रक्रम असावा, हे या नकाशाच्या तत्त्वाशी जुळणारे आहे. ‘जमिनीवर जे आहे ते लिहावे’ असा त्याचा मूलभूत नियम आहे, आणि उच्चार हाही जमिनीवरचाच पुरावा होय. व्युत्पत्ती मात्र नावाच्या रकान्यात बसत नाही. तानाजी मालुसऱ्यांचा देह ज्या वाटेने कोकणात नेला ती वाट म्हणून ‘मढे घाट’, ही परंपरा सर्वश्रुत आहे. नकाशात नोंदावयाचे ते फक्त नाव.

चुकीचे नाव छापील नकाशात राहिले तर ते त्या नकाशापुरतेच राहत असे. सहयोगी नकाशाची सामग्री मुक्त परवान्यावर असल्याने तिच्यावर अनेक वाटाड्या-अनुप्रयोग उभे आहेत. एक चूक शेकडो पडद्यांवर उमटते, आणि काही काळाने स्थानिक फलक रंगविणाराही तीच उतरून घेतो. मग पडताळणीस आलेल्या नव्या स्वयंसेवकाला तो फलक पुरावा म्हणून दिसतो.

वाटांच्या बाबतीत चुकीचे परिणाम अधिक तातडीचे असतात. केळदजवळून मढे घाटाने, तसेच उपांड्या घाटाने कोकणात उतरणाऱ्या जुन्या वाटा आहेत. मोहरी व सिंगापूरकडून नाळेच्या वाटा उतरतात. ‘घाट’, ‘नाळ’, ‘निसणी’ या शब्दांनी मराठी माणसाला वाटेचा कठीणपणा चटकन कळतो. नकाशाच्या परिभाषेत या तिन्ही केवळ ‘पायवाट’ होत. त्या परिभाषेत अडचणीची श्रेणी व वाट किती स्पष्ट दिसते यांसाठी वेगळे गुण उपलब्ध आहेत, पण ते भरलेच नाहीत तर नाळेची तुटक रेषा आणि शेताच्या बांधावरची तुटक रेषा सारखीच दिसते. जानेवारीत उतरलेल्या गिर्यारोहकाने नोंदलेली वाट जुलैत धबधब्याची वाट असू शकते. रायरेश्वराच्या पठारावर जंगम कुटुंबांची वस्ती आहे आणि वर जाणाऱ्या वाटेवर लोखंडी शिडी आहे. ती शिडी नोंदली नसेल, तर जनावर घेऊन वा आजाऱ्याला डोलीत घालून येणाऱ्याला त्या रेषेचा उपयोग नाही. भोर-महाड रस्त्यावरील वरंध घाट अलीकडच्या काळात पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीस बंद ठेवावा लागला आहे. तात्पुरता बदल नकाशात आणू नये असा संकेत असला, तरी दरवर्षी परत येणारी गोष्ट तात्पुरती म्हणावी काय, याविषयी मतभेदास जागा आहे. पाण्याचेही तसेच. गडावरील टाके नकाशात निळ्या खुणेने दिसते; ते मे महिन्यात कोरडे असते की नाही, आणि असलेले पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे त्या खुणेवरून कळत नाही.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले. गाव दिसत नाही, ही वार्ता प्रथम एस. टी. बसच्या चालकाने दिली. २२ जुलै २०२१ रोजी वरंध घाटाच्या पायथ्याकडील महाड तालुक्यात तळीये येथे तसाच प्रसंग ओढवला. अशा वेळी वाडी कोठे, घरे किती, पोहोचण्याची दुसरी वाट कोणती, हे प्रश्न पहिल्या काही तासांतच पडतात. २०१० साली हैतीच्या भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून काही दिवसांत नकाशा उभा केला, त्याचा मोठा गौरव झाला आणि तो योग्यही होता. तथापि चित्रावरून छपरे मोजता येतात, वाडीचे नाव काढता येत नाही. ते आधीच लिहून ठेवलेले असावे लागते.

या सामग्रीच्या विश्वसनीयतेविषयी अभ्यासकांनी बराच विचार केला आहे. मायकेल गुडचाइल्ड यांनी २००७ साली स्वेच्छेने दिलेल्या भौगोलिक माहितीची संकल्पना मांडून नागरिकांना ‘संवेदक’ म्हटले. मुकी हाकले यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत इंग्लंडमधील या नकाशाच्या नोंदी सरकारी मोजणीपासून सरासरी सुमारे ६ मीटरांच्या अंतरात आढळल्या. त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष कमी उद्धृत होतो, पण येथे तोच अधिक लागू आहे: संपन्न भागांची नोंद दाट होती, गरीब भागांची विरळ. नकाशा हा नकाशा करणाऱ्यांच्या येण्याजाण्याचा आलेख असतो. भोर-वेल्ह्यात पुण्याहून सुटीच्या दिवशी येणारा गिर्यारोहक वा सायकलस्वार जेथे जातो तेथील तपशील प्रथम येणार, हे उघड आहे. राजगडाच्या पाली दरवाजाची वाट अनेकांच्या यंत्रांत उमटते. रोज शाळेत जाणाऱ्या मुलांची ओढ्यापलीकडची वाट कोणाच्याच यंत्रात उमटत नाही.

मग रहिवाशांनी स्वतः नोंदी केल्या म्हणजे प्रश्न सुटेल काय? पुष्कळसा सुटेल, सर्वस्वी नाही. वनजमिनीलगत राहणाऱ्या कुटुंबाला आपले घर जगाच्या नकाशावर यावे असे वाटेलच, असे गृहीत धरता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार मिळणारा हक्क पुराव्यावर अवलंबून असतो, आणि स्वयंसेवकाने काढलेली खूण म्हणजे हक्क नव्हे. उलट तिच्यामुळे नको त्या चौकशा उद्भवण्याची भीती त्या कुटुंबाला वाटू शकते. देवरायांचेही असेच आहे. माधव गाडगीळ व वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून त्यांचे महत्त्व मान्य झाले आहे. त्यांची अचूक जागा सर्वांना उघड केल्याने संरक्षण होते की गर्दी होते, याचे उत्तर गावागणिक वेगळे येईल. ते उत्तर देण्याचा अधिकार गावाकडे असावा, नोंद करणाऱ्या पाहुण्याकडे नव्हे.

कायद्याची बाजू आता पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांना नकाशासामग्री गोळा करण्याची व प्रसिद्ध करण्याची मोठी मोकळीक दिली. मात्र व्यापारी नकाशांवरून नावे उतरून घेणे आजही निषिद्ध आहे, आणि शासकीय प्रकाशनांवरील स्वामित्वहक्क १९५७ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. ती मुदत उलटलेले जुने मोजणीचे नकाशे म्हणूनच उपयोगाचे ठरतात, विशेषतः धरणांपूर्वीच्या वाड्यांसाठी. त्यांतील रोमन लेखनाविषयीची सावधगिरी वर सांगितलीच आहे.

मराठेशाहीत शिवेचा तंटा उद्भवला म्हणजे गोत जमे, वृद्ध वतनदार शीव चालून दाखवीत आणि निर्णयाचा महजर होई. त्यावर साक्षीदारांची नावे व निशाण्या असत. कुणब्याची निशाणी नांगराची. सहयोगी नकाशाच्या इतिहासात नोंद करणाऱ्याचे नाव राहते, तेही पुष्कळदा टोपणनाव. ज्याने नाव सांगितले त्याची साक्ष राहत नाही. नोंदीच्या ‘आधार’ या गुणात ‘स्थानिक माहिती’ एवढेच दोन शब्द बहुधा भरले जातात. कोणत्या गावी, कोणत्या वर्षी, किती जणांना विचारले, उच्चारात भेद आढळला काय, एवढे जरी व्यक्तीची ओळख न देता त्यात लिहिले, तरी स्थलनामांच्या अभ्यासकाला ती नोंद साधन म्हणून वापरता येईल. आज ती वापरावयाची तर प्रत्येक नाव नव्याने पडताळावे लागते.

धरणाखाली गेलेल्या स्थळांच्या बाबतीत तर साक्षच मुख्य आहे. पानशेत, नीरा-देवघर व गुंजवणी या धरणांच्या पाण्याखाली गेलेल्या वस्त्यांची नावे सांगणारी माणसे अद्याप आहेत; भाटघरचे धरण १९२७ सालचे असल्याने तेथे आता ऐकीव परंपरेवरच भिस्त ठेवावी लागते. वेळवंड खोऱ्यात कांबरे येथील प्राचीन शिवमंदिर वर्षाचा बहुतेक काळ या जलाशयात बुडालेले असते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी उतरले म्हणजे दिसू लागते. नकाशात त्याची जागा पाण्याच्या निळ्या क्षेत्रात येते. उपग्रहचित्र डिसेंबरचे असेल तर तेथे काही नाही, मे महिन्याचे असेल तर मंदिर आहे. जमिनीवरचा पुरावा पाहून त्याची व भोवतालच्या जुन्या जागांची नोंद करावयाची तर त्यासाठी वर्षातून साधारण एक-दोन महिने मिळतात. पावसाने जलाशय भरू लागला की ते काम पुढील उन्हाळ्यापर्यंत थांबते.